काशीरामशेठची पाठदुखी आणि मी

मित्रांनो, कातडी वस्तूंच्या जातीत चपलेला मान नसला तरी ओळख असते, आणि पाकिटाला तर दोन्ही असतं. माझं तसं नाही. मी एक जुनं होल्स्टर आहे. पिस्तूल कमरेला लावायचं कातडी घर म्हणा हवं तर. आमच्या घरात मला सगळे नुसतं 'कव्हर' म्हणतात. ज्याचं उभं आयुष्य शर्टाखाली गेलं, त्याला कोण ओळखणार? 'काहीच दिसत नाही हो!' असं कोणी म्हणालं की तेच माझं कौतुक. असला माझा धंदा!

मूळचा मी म्हशीच्या पाठीवरचं कातडं. मुंबईतल्या एका गल्लीतल्या छोट्या कारखान्यात मला पाण्यात भिजवलं, लाकडाच्या खोट्या पिस्तुलावर दाबून बसवलं आणि तसंच वाळवलं. मग कारागिराने मेणाच्या दोऱ्याने मला शिवलं. शिवताना तो स्वतःशीच बडबडायचा. चाप पुरता झाकायचा, म्हणजे चुकूनही कोणाचं बोट तिथे जाणार नाही. पिस्तूल घट्ट धरायचं, म्हणजे ते पडणार नाही. आणि धन्याला टोचायचं नाही. ही माझी तीन कामं. पहिली दोन मी इमानेइतबारे केली. तिसऱ्याने मात्र माझी पुरती फजिती केली, आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे.

माझे धनी काशीरामशेठ पनवेलजवळच्या गावातले. वडिलांचं मिठागर होतं, ते प्रकल्पात गेलं. शेठनी ट्रक घेतले. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचे आणि द्रोणागिरीच्या गोदामांत टाकायचे. पूर्वी ड्रायव्हरांचा पगार ते स्वतः पिशवीतून न्यायचे. एकदा रस्त्यात त्यांना अडवून मारलं, पिशवी नेली. मग पोलिसांनी सगळी चौकशी करून पिस्तुलाचा परवाना दिला. आता पगार मोबाईलवरून जातो, पिशवी कधीच बंद झाली. पिस्तूल मात्र शेठच्या अंगावरून हललं नाही. सवय हो, दुसरं काय!

माझ्याआधी शेठकडे दोन होल्स्टर होती. कपाटात आम्ही तिघं शेजारी, त्यामुळे त्यांच्या कहाण्या मला तोंडपाठ आहेत. पहिलं खांद्यावरचं. त्याला वरून कोट लागतो. पनवेलच्या मे महिन्यात कोट! नाक्यावर जो तो विचारायचा, "शेठ, ताप आलाय काय?" दुसरं घोट्यावर बांधायचं. ते पॅंटखाली झकास लपायचं. पण पुतण्याच्या लग्नात शेठ नवरदेवाचे काका. भटजी म्हणाले, पुढे या, तुमचे पाय धुवायचे आहेत. मुलीकडचे तांब्या घेऊन उभे, बाजूला मालूकाकी, म्हणजे शेठची बायको. शेठ "पाय मुरगळलाय, पाय मुरगळलाय" करत लंगडत मांडवाबाहेर पळाले. बिचारं घोट्यावरचं त्या दिवसापासून कपाटाबाहेर आलं नाही.

मग मी आलो. दुकानात शेठनी मला कमरेच्या आत लावलं, वरून पांढरा शर्ट सोडला आणि आरशासमोर उभे राहिले. पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं, मान मोडेपर्यंत वळून मागून पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी फुगून गेलो. दुकानदार म्हणाला, "शेठ, एकदा खुर्चीवर बसून बघा, वाकून बघा."

"आवं, बसायचंय कशाला? घरी काय कमी बसतो का?" शेठ म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

इथेच घोडं पेंड खात होतं! शेठचा सगळा दिवस बसण्यात जायचा. गाडीत बसणं, गोदामात बसणं, भजनाला मांडी घालून बसणं. आणि बसले की पोट पुढे यायचं, पिस्तुलाची मूठ बरगडीत घुसायची आणि नळी मांडीत. मग शेठ एका कुल्ल्यावर कलून बसायचे, पडक्या कुंपणासारखे. मी कितीही अंग चोरलं तरी टोचायचोच. फार वाईट वाटायचं मला. उभे असले की मी गुणी, बसले की मी वैरी.

अशातच शेठच्या मुलीचं, हेतलचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा स्वानंद, तिच्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील वसुंधराबाई आणि प्रभाकरराव नव्या पनवेलात राहणारे. पहिल्या भेटीला ती मंडळी आमच्या घरी आली. आमचा सोफा असा खोल, की माणूस बसला की अर्धा आत जातो. शेठ बसले आणि मी त्यांच्या बरगडीत असा रुतलो की त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं.

वसुंधराबाईंनी ते ऐकलं. त्यांनी शेठचं कलून बसणंही पाहिलं. "काशीरामभाऊ, पाठ धरलीय का तुमची?"

शेठनी मान हलवली. हो अशी की नाही अशी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे गप्पा रंगल्या. कोणत्या तरी वरातीचा विषय निघाला, तशा वसुंधराबाई एकदम गंभीर झाल्या. "माझ्या भावाच्या खांद्याला एका वरातीत गोळी लागली. कोणीतरी हौस म्हणून हवेत झाडली होती. जीव वाचला, पण अजून त्याचा हात वर होत नाही. तेव्हापासून मला पिस्तुलाचं नावही नको. आमच्या घरात बाकी काहीही चालतं."

मित्रांनो, मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो! शेठचा घाम माझ्या अंगावर ओघळत होता. मालूकाकींनी पटकन सगळ्यांना सरबत दिलं.

लग्न ठरलं. मग सुरू झाली शेठची पाठदुखी. वसुंधराबाई माणूस मायेचा. आठवडा गेला नाही की काहीतरी यायचंच. कधी शेकायची पिशवी, कधी मध्ये भोक असलेली उशी. "कोणाला सांगत नाही हो, पण बसायला बरं वाटेल," असा वर हळू आवाजात फोन! शेठ कानकोंडे झाले. आणि दर महिन्याला निर्गुडीच्या तेलाची चपटी बाटली यायचीच, घरी कढवलेली. एवढ्या मायेने दिलेलं तेल ओतून कसं द्यायचं? शेठ ते मलाच चोळत बसायचे. खरं सांगतो, माझ्या जन्मात माझे इतके लाड कधी झाले नव्हते. माझ्या भेगा बुजल्या, मी लोण्यासारखा मऊ झालो. पिस्तूल मात्र लोखंडाचंच राहिलं, आणि टोचायचं ते टोचतच राहिलं.

हेतलला हे सगळं असह्य झालं. "बाबा, त्या तुमच्यासाठी तेल कढवतात, आणि तुम्ही ते कव्हरला लावता! मला रात्रीची झोप लागत नाही. खोटं घेऊन मी त्या घरात जाणार नाही. केळवणाच्या दिवशी तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. लग्न मोडलं तर मोडलं."

"अगं, असं काय वाईटसाईट बोलतेस?" शेठ गडबडले.

"पोरगी बरोबर बोलतेय," मालूकाकी म्हणाल्या. "आवं, तुमी चोरी करताय का? परवाना हाय तुमच्याकडं. मग लपवायचं कशाला?"

"परवाना सरकारला दाखवायचा असतो गं. विहीणबाईला काय दाखवू?" शेठ एवढंच बोलले आणि कपाटात मला ठेवून उगाचच दार आपटलं. ते घाबरले होते. तरणेबांड गुंड रस्त्यात अडवायला आले तेव्हाही ते इतके घाबरले नसतील.

तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली. परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करा, असा आदेश निघाला. शेठनी पिस्तूल जमा केलं आणि पावती घेऊन घरी आले. मला वाटलं, आता मलाही सुट्टी. पण कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनी सवयीने मला रिकामंच कमरेत खोचलं. नुसती मऊ कातडी चपटी होऊन अंगाला बिलगली. शेठ खुर्चीवर बसले, मग उठले, परत बसले. मांडी घालून पाहिली. वाकून स्वतःच्या चपलेचा पट्टा लावला. आणि मग ते लहान मुलासारखे हसायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी माझं तिसरं काम केलं होतं!

केळवणाला आम्ही वसुंधराबाईंच्या घरी गेलो. पाट मांडलेले, ताटांभोवती रांगोळ्या. आणि एका बाजूला शेठसाठी मुद्दाम एक खुर्ची, टेबल, आणि वर ती भोकाची उशी. ती पाहून हेतलने मान खाली घातली.

"ताई, मी पाटावरच बसतो," शेठ म्हणाले आणि मांडी घालून ताठ बसले.

वसुंधराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "अगंबाई! अहो, बघितलंत का? गुण आला! माझ्या तेलाला गुण आला!" प्रभाकरराव आतून धावत आले. बाईंना आनंद आवरेना. त्यांनी शेठच्या पानात आणखी दोन अळूवड्या वाढल्या. "आता मी हे तेल अरुंधतीलाही पाठवते. माझी बहीण हो, तिचीही पाठ धरते."

शेठचा हात घासावर थांबला. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"ताई, माझी पाठ कधी दुखतच नव्हती. माझ्या कमरेला पिस्तूल होतं. परवान्याचं हाय, पण होतं. तुमच्या भावाचं ऐकलं आणि जीभच उचलली नाय. पोरीचं लग्न मोडेल असं वाटलं. तुमी तेल देत गेलात आणि मी घेत गेलो. माझं चुकलं."

पळी पातेल्यात पडली. वसुंधराबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर कोणी जेवेना. स्वानंद हेतलजवळ जाऊन उभा राहिला. मालूकाकींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, माझ्यामुळे हे घर मोडलं. त्यापेक्षा मी त्या कारखान्यात चप्पल झालो असतो तर बरं.

बाई बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. "आत्ता आहे अंगावर?"

"नाय, आईची आण! ठाण्यात जमा हाय. हे नुसतं रिकामं कव्हर." शेठनी मला बाहेर काढलं आणि दोन्ही हातांवर धरलं. एवढ्या माणसांनी मला पहिल्यांदाच पाहिलं. लाजेने मी आणखीनच काळा पडलो.

बाईंनी मला दोन बोटांत उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. मग थांबल्या. नाकाजवळ नेलं. "हा वास... अहो, हे तर माझं निर्गुडीचं तेल!"

"फुकट कसं घालवू, ताई? एवढ्या मायेने दिलेलं. यालाच चोळलं सगळं."

आधी राग असेल, मग काय झालं कोण जाणे, वसुंधराबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना उभं राहवेना, म्हणून शेठसाठी ठेवलेल्या त्याच खुर्चीवर, त्याच उशीवर बसल्या. "चार महिने मी देवाला सांगतेय, व्याह्यांची पाठ बरी कर! आणि इथे हे कातडं..." मग हसू ओसरलं. त्यांनी मला शेठच्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काशीरामभाऊ, मला राग आलाय, तो दोन दिवस राहील. पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत. आता पाठ बरी झालीय ना? निवडणूक संपल्यावर ती पुन्हा बिघडू देऊ नका, एवढंच मागते."

शेठनी मान हलवली. या वेळी ती मान 'हो' अशीच होती. जेवणं झाली, आणि अळूवड्या पुरल्या नाहीत.

मित्रांनो, पुढे शेठनी परवाना परत केला, पिस्तूल रीतसर विकून टाकलं. पण माझी गोष्ट तिथे संपली नाही. हेतलच्या हळदीला शेठ असे नाचले, असे नाचले, की दुसऱ्या दिवशी त्यांची पाठ खरोखरच धरली! वाकता येईना, उठता येईना. वसुंधराबाईंना फोन गेला, तर त्या आधी पोटभर हसल्या आणि मग तेलाची बाटली घेऊन स्वतः आल्या. ती चपटी बाटली ठेवायची कुठे? मालूकाकींनी मला पलंगाजवळच्या खिळ्यावर अडकवलं आणि बाटली माझ्यात सारली. अशी बसली, जणू कारागिराने तिच्याच मापाने मला शिवलं होतं.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या कातडी वस्तूंना अधूनमधून तेल लावत जा, आम्ही फार दिवस साथ देतो. आणि कोणतीही गोष्ट जन्मभर अंगावर वागवायची असेल, तर आधी तिच्यासकट आपल्या माणसांत मांडी घालून बसून बघा. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. जाऊ दे, आता मला बोलायला वेळ नाही. शेठ पलंगावर पालथे पडून हाका मारताहेत, "मालू, ते कव्हर आण गं, पाठ चोळायचीय!"