लोखंडावर फोडलेला नारळ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाबानं बांधलेला गावचा हॉल मीच निवडला. डोक्यात शेण भरलं होतं माह्या, दुसरं काय! वाटलं, सरांपुढं बापाचं काम मिरवू. माहे बाबा म्हणजे उत्तमराव मेस्त्री. जैनथ गावाच्या आसपास त्यांच्या स्लॅबचं नाव निंघालं, की माही मान ताठ व्हायची.

त्या हॉलमंदी वर एक गॅलरी हाय, भिंतीतून पुढं निंघालेली, खाली खांब नाई. लग्नात बाया तिथूनच अक्षता टाकतात. असल्या स्लॅबचं लोखंड वरच्या अंगाले पाह्यजे, काऊन की वजन आलं की तो वरूनच फाटते. कालेजातून आणलेलं लोखंड शोधायचं यंत्र मी फिरवलं. वरून लोखंड चार इंच खोल दाखवलं, अन् खालून पाऊण इंच. पुन्हा फिरवलं, तेच. 

भिंतीजवळ एक बारीक चीर होती. तिच्या टोकाले पेन्सिलीनं रेघ मारली अन् घरी येऊन बाबाले सांगतलं.

"लोखंड म्या सोताच्या हातानं वरच बांधलं होतं," बाबा भडकले. "चौदा वर्सं झाली. तुह्या यंत्राले काय कळते?"

खोटं बोलणारा माणूस नाई तो. मग लोखंड खाली गेलं कसं? उत्तर घरच्या भिंतीवरच टांगलं होतं, स्लॅबच्या दिवशीचा फोटो. आमच्याकडं सिमिट टाकायच्या आधी लोखंडावरच नारळ फोडतात, अन् मान म्हणून सारे वर चढतात. फोटोत वीस-पंचवीस माणसं त्या बांधलेल्या लोखंडी जाळीवर उभी. मधात बाबा, त्यांच्या खांद्यावर मी, सात वर्सांची, दात काढून हासून राह्यली. जाळी पायाखाली दबून पार खालच्या फळ्यांले टेकली होती. तशीच तिच्यावर सिमिट-गिट्टी पडली.

बाबानं फोटो पाह्यला अन् पालथा ठेवला. "उद्या त्याच हॉलात शीतलचं लग्न हाय, मंजे. अपशकुनाचं बोलू नको." शीतल माही मामेबहीण.

दुसऱ्या दिवशी आधी गॅलरीत गेली. चीर पेन्सिलीच्या रेघेच्या बोटभर पुढं सरकली होती.  तितक्यात बाया जिना चढू लागल्या. मी जिन्यात आडवी उभी राह्यली.

"काकू, नका जाऊ वर! पडन गॅलरी!"

"चार बुकं शिकली तं काईबी बोलशील का व?" देवकाबाईनं मले बाजूले सारलं. साऱ्या हासल्या. त्यांच्या मागं माही आई, मुठीत अक्षता घेऊन.

मी धावत बाबाकडं गेली. ते सरळ चालत गेले अन् साऱ्या मांडवाले दिसन असे त्या गॅलरीच्या खालीच उभे राह्यले, हाताची घडी घालून. वर आई, खाली बाप.  

मंगलाष्टकं सुरू झाली. 'सावधान' म्हटलं की चाळीस बाया कठड्याकडं झुकत. तिसऱ्या खेपेले बाबाच्या लाल दुपट्ट्यावर पांढरी भुकटी पडली. त्यांनी ती झटकली. पुन्हा पडली. मग त्यांनी वर पाह्यलं.

बाबानं भटजीच्या हातातून माईक घेतला. "वरच्या बायांनो, पळू नका. भिंतीच्या कडेनं एकेक जणी खाली या." मग साऱ्या मांडवाकडं वळले. "हे गॅलरी म्या बांधली. चुकीची बांधली."

शेवटी आई उतरली. 

गॅलरी पडली नाई. लोकं जेवले, हासले. "पोरीनं उत्तमरावले भेव घातलं," म्हणाले. बाबा जेवले नाईत. मांडव रिकामा झाल्यावर छिन्नी-हातोडी घेऊन ते गॅलरीच्या दारात उकिडवे बसले अन् वरून फोडू लागले. एक इंच, दोन, तीन. काईच नाई. चार इंचावर छिन्नी खणकली. बाबानं माहं बोट धरून त्या भोकात घातलं.

"खालीच हाय व, मंजे."

 मग बाबा बोटांवर मोजू लागले. "मारोतरावची गॅलरी. बेला गावच्या दुकानावरची. बापूजीच्या घरची. साऱ्यांकडं नारळ लोखंडावरच फोडला." चौथ्या बोटावर थांबले.  "अन् आपली."

मी आईले फोन लावला. तिनं उचलला.

"थांब व, घरच्या गॅलरीत बसलो आमी," आई म्हणाली. "देवकाबाई, रुक्माबाई, दहा-बारा जणी हाय. तुह्याच गोष्टी चालल्या."

"आई, ऊठ! साऱ्यांले आत घे! एकेक करून!" मी बोंबलली.

तिकडून साऱ्याजणींचं हासणं ऐकू आलं. बाबा चपला न घालताच जिना उतरून पळत सुटले होते.