अंडी काही वाळेनात

राधानगरीच्या पावसात पृथ्वीराजची अंडी काही वाळायला तयार नव्हती. उबवणी यंत्रात अंड्यातलं पाणी हळूहळू उडून वजन घटलं, तरच आतल्या पिल्लाला श्वासापुरती हवेची जागा मिळते. मागच्या खेपेला ती मिळाली नाही आणि सगळी पिल्लं कवचातच गुदमरली. म्हणून यंदा त्यानं यंत्रातलं पाण्याचं भांडं काढलं, झरोके उघडले. तरी वजनकाट्यावर अंडी होती तेवढीच. काळजीनं वजन घटलं ते त्याचं स्वतःचं.

आज त्यानं अवेळीच यंत्राच्या खोलीचं दार ढकललं, तर तोंडावर ओलं लुगडं आदळलं. मागं चादरी, मोजे आणि शेजारणीचे परकर, सगळे दोरीवर, यंत्राला वेढा घालून.

"आत्ती! ह्ये काय?"

"ऊब हाय की हितं. रोज कापडं झ्याक वाळत्यात," धोंडुआत्ती म्हणाली.

"अगं, त्यातलं पाणी खोलीतच फिरतंय! अंडी कशी वाळायची?"

"नऊवारी लुगडं वाळतंय, आन् तुझं एवढंसं अंडं वाळंना, व्हय? अंडीच आळशी हायत."

तो परकर ओढायला गेला.

"खबरदार! शेजारणीला शब्द दिलाय मी."

पृथ्वीराजनं कपाळावर हात मारला, यंत्र अलगद उचललं, आपल्या झोपायच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी काटा पहिल्यांदाच थोडा खाली आला. आनंदानं त्याला रडूच यायचं बाकी होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर आत्ती पिळे घेऊन उभी, मागं शेजारीण.

"दार उघड, पृथ्या. परकर अजून दमट हायत."