न पडलेला जार

मी एक जुना जार आहे, मित्रांनो. काचेचा नव्हे, काचेच्या आत, औषधी पाण्यात तरंगतो तो. गाय व्याल्यावर वासरामागून जो पडतो, त्याला आपल्याकडे जार म्हणतात.

शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर सस्तन प्राण्यांचा एक तक्ता आहे. त्यावरची प्लॅटिपस अंडी घालते, तरी पिल्लांना दूध पाजते. कांगारूच्या पोटातही माझ्यासारखे काही असते, पण थोड्याच दिवसांचे. तिचे पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढे जन्मते आणि पिशवीत वाढते. गाईचे वासरू मात्र आतच पुरे होते, कारण आत मी असतो. माझ्या एका अंगाला गाईचे रक्त वाहत होते, दुसऱ्या अंगाला वासराचे. मी ते कधी मिसळू दिले नाही.

दिल्लीत पालमपलीकडे शेतांत नवे फ्लॅट उभे राहत होते, तेव्हाची गोष्ट. निवृत्त जवान शहाजी यांची गाय पहाटे व्याली. मी अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबत राहिलो. ज्या वासराला मी पोसले, ते मला हुंगून बाजूला झाले. माझे काम संपले होते, पण पकड सुटेना. मी तिच्या आत सडू लागलो. आता मीच तिचा जीव घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी शहाजींनी टेलिफोन बूथवरून पशुवैद्य सुहासिनीताईंच्या आर. के. पुरमच्या घरी फोन केला. दिल्लीत वाढलेल्या हेमांगीने, त्यांच्या मुलीने, तो घेतला.

"पोरी, आईला सांग, जार पडला न्हाई अजून."

"एक मिनिट, काका." तिने स्वयंपाकघरात डोकावले. "बिल्कुल नाही पडला! सगळे शेल्फवर आहेत."

"चेष्टा करतीस व्हय गं?" शहाजींनी फोन ठेवला.

वजनाने मी खाली ओढला जावा म्हणून त्यांनी बांधकामावरची वीट आणून मला बांधली. गाय कण्हली. वीट हळूहळू झुलत राहिली.

संध्याकाळी हेमांगी हसत म्हणाली, "आई, शहाजीकाका आपल्या लोणच्याच्या जारची चौकशी करत होते, यार!"

सुहासिनीताईंचा चेहरा उतरला. "अगं, गाईचा जार!" त्या तशाच स्कूटरवर निघाल्या.

गोठ्यात शिरताच त्या म्हणाल्या, "शहाजीराव, आधी ती वीट सोडा! ओढून गर्भाशय बाहेर आलं तर गाय हातची जाईल."

गाय तापाने फणफणली होती. त्यांनी इंजेक्शने दिली, मला हातही लावला नाही. पुढे एका दुपारी माझी पकड आपोआप सुटली आणि मी आवाज न करता पडलो. गाय वाचली. माझा हा तुकडा त्यांनी शाळेला दिला.

मित्रांनो, वासरू उभे राहिले की सगळे त्याच्याभोवती जमतात. तुम्ही मात्र गाईच्या मागे जाऊन तिच्याकडे पाहा. मी अजून तिथे असेन, तर मला ओढू नका, जाणत्याला बोलवा. त्या वेळी मला सोडायचे असते, पण ते माझ्या हातात नसते.