वास न येणारं औषध

पातेल्यावरचं झाकण खडखडायला लागलं आणि पहाटेची शांतता मोडली. मी धावत जाऊन गॅस बारीक केला, पण तोवर पाच वर्षांची तिलिला चादर अंगाभोवती गुंडाळून दारात हजर.

"आई, काय मेलंय?"

"कोबी उकळतोय, बाळा."

"सडलाय तो."

"सडकाच हवाय."

तिनं नाक दाबलं आणि माझ्या कमरेला मिठी मारली, तोंड तेवढं बाहेरच्या बाजूला ठेवून. मी कारखान्यातून आले की ती अशीच मिठी मारते. दगडाच्या भुकटीतलं तांबं फेसावर चढवायला आम्ही जे औषध वापरतो, त्याला असाच वास येतो. केसांत बसतो, दोनदा धुतलं तरी जात नाही. ते पाणी ज्या तळ्यात सोडतात तिथे बेडूकसुद्धा राहत नाही.

म्हणून मी दोन वर्षं खपून दुसरं औषध केलं होतं. माझ्या सासूबाई ज्या हल्फा गवताच्या चटया विणतात, त्याच गवताचे नॅनोकण. एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे बारीक. ते तांब्याच्या कणाला चिकटतात, मग त्या कणाला पाणी नकोसं होतं, तो बुडबुड्याला लटकून वर येतो. बाकीचा दगड खाली. वास अजिबात नाही, आणि तळ्यात गेलंच तर गवतासारखं कुजून जाणार.

कारखान्याच्या लहबीब साहेबांनी एक टाकी तीन दिवसांसाठी दिली होती. शंभरातले पंच्याऐंशी भाग तांबं फेसात आलं पाहिजे. नाही आलं, तर माझी पिंपं कायमची गोदामात, आणि गवताचं नाव पुन्हा काढायचं नाही.

सोमवारी त्र्याण्णव आलं. मंगळवारी दुपारपर्यंत चौऱ्याण्णव. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण प्रयोगशाळेत मला कधी सत्त्याऐंशीच्या वर मिळालं नव्हतं. मी जेवायला जाते असं सांगून निघाले आणि मागच्या दारानं परत आले.

टाकीपाशी आमचा मुकादम, बा हम्मू, उभा होता. हातात त्याच्या घरची हरीरा सूप वाढायची लांब दांड्याची पळी.

"बा, हे काय?"

त्यानं पळी पाठीमागे नेली. तिच्यातून जुन्या औषधाचं पिवळं पाणी त्याच्याच बुटावर ठिबकत होतं.

"मशीन उपाशी होतं, पोरी."

"नवं औषध चालू आहे की."

"कुठाय? वास कुठाय? तीस वर्षं मी आत पाऊल टाकतो आणि नाकानं सांगतो, कमी पडलंय का जास्त झालंय. कालपासून इथं काहीच नाही. तू नुसतं पाणी फिरवतेस." मग त्यानं आवाज खाली आणला. "आपल्या गावची लेक. साहेबासमोर तुझं हसं नको म्हणून चार पळ्या टाकतोय. तू बघितलं नाहीस, मी टाकलं नाही."

मला राग आला आणि मायाही वाटली. दोन्ही एकदमच.

"उद्या शेवटचा दिवस आहे, बा. उद्या टाकू नका. मला खरं काय ते बघायचंय."

"बरं," तो म्हणाला. "पण हात ऐकेल, नाक ऐकेल असं वाटत नाही."

साहेबांना सांगितलं असतं तर बा निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना फाटकाबाहेर गेला असता. तेव्हा मी घरी जाताना बाजारात थांबले. भाजीवाल्यानं टाकून दिलेला कोबी मला पिशवीत भरताना पाहून तो म्हणाला, "अगं इत्तो, कारखान्यात पगार देत नाहीत का?"

बुधवारी, त्या पहाटे उकळलेल्या कोबीची बादली टाकीच्या मागे ठेवली. बा हम्मू आत आला, थांबला. मान वर करून हुंगलं. सवयीप्रमाणे फेसात तळवा फिरवून निरखून पाहिला.

"आज टाकलंस वाटतं काहीतरी."

"टाकलंय, बा."

"जरा जास्तच झालंय," तो समाधानानं म्हणाला. "पण चालेल."

पळी दिवसभर खुंटीला लटकत राहिली. दुपारी लहबीब साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"याला वास नाही म्हणाली होतीस ना?"

"ती बादली आहे, साहेब. साफसफाईची."

"साफ काय करतेस तिनं?"

मी फेसाकडे बोट दाखवलं. "बघा, काय सुंदर रंग आलाय."

संध्याकाळी आकडा आला: साडेशहाऐंशी. चौऱ्याण्णवहून कमी, पण सगळा माझ्या गवताचा. मी साहेबांना सांगितलं, पहिले दोन दिवस धरू नका, जुनं औषध मिसळलं गेलं होतं, लक्ष ठेवायला मीच कमी पडले.

"मिसळून चौऱ्याण्णव? लोक अशी चूक लपवत नाहीत, मिरवतात," ते म्हणाले. तरी त्या दोन दिवसांचे आकडे खोडले. पुढच्या महिन्यापासून ती टाकी हल्फावर चालणार.

शुक्रवारी कुसकुस खायला मी बा हम्मूला घरी बोलावलं. सासूबाईंनी वाफवलेल्या रव्याचं मोठं ताट मध्ये ठेवलं आणि पाहुण्याच्या बाजूला कोबी ढकलला.

"हा ताजा आहे, बा," तिलिला म्हणाली. "सडका आईनं कारखान्यात नेला."

"कारखान्यात कशाला गं?"

"तुमच्यासाठी. आईनं आजीला सांगितलं."

बा हम्मूच्या बोटांतला कुसकुसचा गोळा तोंडाशी जाता जाता थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ताटातल्या भोपळ्याकडे. त्यानं गोळा खाल्ला, बराच वेळ चावला.

"म्हणजे बुधवारी माझी एकही पळी नव्हती."

"नाही, बा."

"तरी चढलं?"

"साडेशहाऐंशी."

तो हसायला लागला. आधी नुसते खांदे, मग हातातलं ताक सांडेपर्यंत. "तीस वर्षांचं नाक," तो सासूबाईंना सांगत होता, "आणि तुमच्या सुनेनं कोबीला विकलं." हसून झाल्यावर त्यानं नाकाचा शेंडा मनगटानं पुसला आणि उरलेलं ताक पिऊन टाकलं.

तिलिला माझ्या मांडीवर चढली. तिनं माझ्या केसांत तोंड खुपसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत विचारलं,

"आई, मग आता बा हम्मूचं नाक कारखान्यात काय काम करणार?"