काळी फरशी

१९८८ सालच्या हिवाळ्यात हाझिम कॅनडाहून अलेक्झांड्रियाला आला, तो आईला वृद्धाश्रमात ठेवायचं मनाशी ठरवूनच. आईला, बहीगाला, मात्र आपल्याच घरात मरायचं होतं.

पार्किन्सनमुळे तिचे पाय चालता चालता जमिनीला चिकटत. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन आटत चाललंय, रोज चालत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती बिचारी येरझाऱ्या घाली, बाल्कनीतून टोपली सोडून पाव वर ओढी आणि उभ्यानेच खाई. उन्हाळ्यात गालिचे गुंडाळले आणि खालची काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी उघडी पडली, तेव्हा खालच्या मजल्यावरची शिंपीण दमियाना म्हणाली, "अगं, मयताला निघाल्यासारखी काय चालतेस? काळ्या फरशीवर पाय पडला तर हरलीस."

बहीगाला हसू फुटलं, आणि पाय सुटला. मग दोघी रोज खेळू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "मजा आली की मेंदू उरलंसुरलं रसायन सढळ हाताने देतो. फरशीच्या रेघा पायांना वाट दाखवतात. खेळा."

पण मुलगा येणार म्हणून बहीगाने ठेवणीतले गालिचे अंथरले. थंडीच्या दिवसांत पाहुण्यासमोर उघडी फरशी कशी ठेवायची? कॉफीचा ट्रे घेऊन ती निघाली आणि गालिच्याच्या काठाशीच थिजली. कप खडखडू लागले.

हाझिमने ट्रे काढून घेतला. "आई, हे असं किती दिवस? मी तिथे बोलून ठेवलंय. खोली समुद्राकडे आहे."

कॉफीला वर आलेली दमियाना उठली. "समुद्र नंतर दाखव. आधी गालिच्याचं टोक धर."

"मावशी, आत्ता?"

"मग काय, माझ्या मयताला?"

फरशी उघडी झाली. "काळ्यावर गेलीस तर तुझी कॉफी माझी," दमियाना म्हणाली.

बहीगा पांढऱ्यावरून पांढऱ्यावर थेट मुलापर्यंत आली. "तुझे दोन्ही पाय काळ्यावर आहेत," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाने मुकाट्याने पाय वर घेतले.

हाझिमने पुन्हा वृद्धाश्रमाचं नाव काढलं नाही. तो परत गेला. आधी दर रविवारी फोन करी, पुढे फक्त सणासुदीला. दमियानाला तिच्या मुलीने कैरोला नेलं, तिने तिकडेच डोळे मिटले. बहीगा त्याच घरात कितीतरी हिवाळे गालिच्याविना, गार फरशीवर राहिली आणि तिथेच वारली. शेवटपर्यंत सकाळी एक डाव स्वतःचा खेळे, एक दमियानाचा. आणि बहुतेक वेळा दमियानाला जिंकू देई.