साहेबांना फॉरमॅट हवा होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पांढरकवड्यातल्या एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात भरतकामाच्या रुमालाखाली बसलेला असतो. माझ्या कपाळावर कुंकवाची बोटं आहेत आणि दर दसऱ्याला त्यांत भर पडते. यंत्राला कुंकू लावायला अक्कल लागत नाही. ते चालवायला लागते, आणि या कार्यालयात तिचा कायमचा दुष्काळ आहे.

माझी पहिली नोकरी वणीच्या एका जिनिंगमध्ये होती. तिथे दिवसभर रुई उडायची आणि निम्मी माझ्या फ्लॉपीच्या खाचेत शिरायची. ती खाच तेव्हाच कामातून गेली. पुढे कापसाचे दिवस फिरले, गाड्या यायच्या थांबल्या, जिनिंगला कुलूप लागलं आणि खुर्च्या-टेबलांबरोबर मीही विकला गेलो. मला घेतलं या संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव यांनी. त्यांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढला आणि भाचा पियूष याला माझा ऑपरेटर नेमलं. पियूषजवळ संगणकाच्या कोर्सचं प्रमाणपत्र होतं. ते त्याने लॅमिनेट करून भिंतीवर लावलं. कोर्समध्ये काय शिकला, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझा खरा उपयोग एकट्या सुमेधाताईंनी केला. त्या संस्थेच्या शाळेत शिकवायच्या. केळापूरकडच्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, मुलं पहिलीत यायची. घरी कोलामी बोलणाऱ्या या मुलांना मराठी कळत नसे. ती गप्प बसून राहायची आणि हळूहळू शाळा सोडायची. म्हणून ताईंनी पोडावरच्या सोनीबाईंकडून शब्द आणि गोष्टी ऐकून कोलामी-मराठी पुस्तक तयार केलं. दोन वर्षं त्या शाळा सुटल्यावर माझ्यासमोर बसायच्या. ते सगळं काम माझ्या डिस्कच्या डी नावाच्या भागात होतं. शाळा उघडायच्या आत ते छापायचं होतं. फ्लॉपीची खाच मेलेली, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती. कागदावरचा कच्चा मजकूर सदाशिवरावांनी रद्दीत घातला होता, कारण संस्थेचं आता संगणकीकरण झालं होतं.

उन्हाळ्यात यवतमाळच्या शिक्षण खात्यातून भगवानराव साहेबांचा फोन आला. "ते पुस्तक फॉरमॅटमध्ये पाठवा, छापून देतो," असं त्यांनी सांगितलं. कचेरीत फॉरमॅट म्हणजे ठरलेला नमुना, वर विषय, खाली रकाने, शेवटी सही-शिक्का. माझ्याकडे मात्र फॉरमॅट म्हणजे डिस्क कोरी करणं. ताई त्या आठवड्यात पोडावर होत्या.

"साहेबाले फॉरमॅट पाह्यजे," सदाशिवराव पियूषला म्हणाले. "करून टाक."

"कायचा, मामा?"

"त्या कोलामी पुस्तकाचा. अजून कायचा?"

पियूषने काळ्या पडद्यावर फॉरमॅट आणि पुढे डी असं टाइप केलं. हा हुकूम त्याला पाठ होता. मी रीतसर विचारलं की या डिस्कवरचं सगळं जाईल, करू का? हो असेल तर वाय दाबा, नाही तर एन.

"काय म्हणून राह्यला थो?" सदाशिवरावांनी विचारलं.

"इंग्लिशमधी काही तरी इचारून राह्यला. हो म्हणू काय?"

"साहेबाचं काम हाय. नाही कसं म्हणतं?"

वाय दाबला गेला. शेवटी मी डिस्कला नाव काय द्यायचं ते विचारलं. सदाशिवरावांनी स्वतःचं नाव सांगितलं. इंग्रजीत त्याची अकरा अक्षरं नावासाठीच्या अकरा घरांत नेमकी मावली आणि मामा-भाच्यांना त्याचं फार कौतुक वाटलं.

मित्रांनो, मी त्यांच्याइतका बावळट नाही. पुसण्याआधी मी डिस्कवर कुठे काय आहे याचा नकाशा बाजूला ठेवला होता आणि मजकूर अजून तिथेच पडून होता. त्याच दिवशी कुणी अनफॉरमॅटचा हुकूम दिला असता, तर पुस्तक जसंच्या तसं परत आलं असतं. अट एकच होती, तिथे नवीन काही लिहायचं नाही. पण पियूष हरखून म्हणाला, "मामा, लय जागा झाली!" आणि त्या जागेत संगणक कक्षाच्या उद्घाटनाची पत्रिका तयार होऊ लागली. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून रुसवेफुगवे झाले. प्रत्येक रुसव्याला पियूषने फुलांच्या चौकटीसकट नवी फाइल केली. एका-एका पाहुण्याच्या मानपानाखाली सोनीबाईंच्या गोष्टी गाडल्या गेल्या.

ताई परत आल्या. त्यांनी फाइलींची यादी पाहिली आणि माझं जाडजूड माहितीपुस्तक काढलं. वाचून त्यांनी अनफॉरमॅट चालवला. एकेक फाइलचं नाव परत येऊ लागलं, तसा त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. पहिली फाइल उघडली. आत 'सस्नेह निमंत्रण' होतं. दुसरीत कोलामीची अर्धी ओळ आणि पुढे नुसती फुलं. त्या माझ्यासमोर डोकं धरून बसल्या. मला अश्रू नाहीत, पण तिरस्कार भरपूर आहे, आणि तो त्या दिवशी मला पुरेना.

"नावं तं आली ना सारी?" सदाशिवराव म्हणाले. "मंग?"

शाळा उघडली, पुस्तकाशिवाय. उद्घाटनाला पोडावरची मुलं पहिल्या रांगेत बसवली होती. भगवानराव साहेबांनी माझ्यापुढे नारळ फोडला, पाणी माझ्या कीबोर्डवर सांडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी एका चिमुरडीला कौतुकाने विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

ती नुसती बघत राहिली. साहेबांनी पुन्हा विचारलं. तिने ओठ घट्ट मिटले.

"या पोरायले काही समजत नाही, साहेब," सदाशिवराव हसत म्हणाले.

"पुस्तकातला हाच पहिला धडा होता, सर," सुमेधाताई म्हणाल्या. कोणतं पुस्तक, हे कुणीही विचारलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. प्रश्न कळला नाही, तर त्या मुलीसारखं गप्प बसा. सदाशिवरावांनाही माझा प्रश्न कळला नव्हता, आणि ते हो म्हणाले होते.