बांधावरचं पान

हक्कसोडपत्रावर सही हवी असली की गोविंदा म्हात्रे बहिणीला आधी जेवायला बोलावी. जेवण झाले की साडी, साडीनंतर कागद, असा त्या घराचा क्रम ठरून गेला होता. स्टेशनाकडच्या तुकड्याच्या वेळी जयाने तशीच सही केली होती, शाळेमागच्या शेताच्या वेळीही केली होती. दोन्ही वेळा कागद वाचला नव्हता. इतिहासाची शिक्षिका असून वाचला नव्हता, कारण भावाने पुढे केलेला कागद वाचणे म्हणजे भावावर अविश्वास दाखवणे, असेच बांधवली गावच्या मुली लहानपणापासून शिकत आल्या होत्या.

आता उरली होती ती खाडीकाठची खार. दिवा स्टेशनापासून पुढे, बांध घालून खाडीकडून हिसकावलेली ती शेवटची जमीन बिल्डरला द्यायची होती. काल अनंत चतुर्दशी झाली, उद्यापासून पितृपक्ष, म्हणून सह्या आजच उरकायच्या होत्या. कल्याणच्या निबंधक कार्यालयात दुपारी तीनची वेळ घेतलेली होती आणि गाडी दारात उभी होती.

जयाला मात्र आज दुसऱ्याही कामासाठी बोलावले होते. गोविंदाचा मुलगा प्रितम पालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार होता आणि त्याआधी गावाच्या वेशीवर कमान उभी करणार होता. तिच्यावर लिहायचा मजकूर ठरलेला होता: काळे पाणी भोगलेले वीर मोरू म्हात्रे प्रवेशद्वार. मोरू म्हणजे गोविंदा-जयाचा पणजोबा. मिठागराच्या गोऱ्या साहेबाला त्याने फावड्याने आडवा केला, त्यापायी अंदमानात गेला, वीस वर्षांनी परतला आणि खाडीला बांध घालून जमीनदार झाला, ही कथा गावात कोणीही झोपेतून उठवले तरी सांगे. जयाने स्वतः ती डोंबिवलीच्या शाळेत एकतीस वर्षे, दर पंधरा ऑगस्टला, मुलांना सांगितली होती. स्मरणिकेसाठी आत्याने कागदोपत्री पुरावा तेवढा मिळवून द्यावा, एवढेच प्रितमचे मागणे होते.

पुरावा मिळाला होता. जयाचा जुना विद्यार्थी सलिल मुंबईत जुन्या दप्तरांचे काम करी. त्याने तीन महिने खपून कागदांच्या नकला पाठवल्या, त्याला आज आठ दिवस झाले. त्या आठ दिवसांत जयाला धड झोप लागली नव्हती. पहिल्या दिवशी वाटली ती लाज. मग हळूहळू, भाताच्या तुसाखाली विस्तव राहावा तसा, एक राग धुमसू लागला, आणि तो नक्की कोणावर हे तिला अजून ठरवता येत नव्हते.

जेवायला जिताडा माशाचे कालवण होते. वहिनीने आग्रह करकरून वाढले. जया जेवली, हात धुतले, साडीचे खोके मांडीवर घेऊन हळदकुंकू लावून घेतले. मग वकिलाचा कारकून आनंद याने टेबलावर कागद मांडले. सगळ्यात वर मुद्रांकावरच्या शपथपत्रातली वंशावळ होती. तिच्या माथ्यावर छापले होते, 'मूळ पुरुष: मोरू म्हात्रे'. खाली मुलगे, नातू, पणतू, आणि शेवटच्या ओळीत प्रितम व त्याची बहीण करिश्मा. करिश्मालाही सही करायची होती. ती ठाण्यात नोकरी करी, आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती आणि भिंतीला टेकून मोबाइल चाळत होती.

आनंदने पेन पुढे केले. जयाने ते घेतले आणि म्हणाली, "हे चुकलंय. मूळ पुरुष नाही. मूळ बाई आहे."

गोविंदाला वाटले, बहीण गंमत करते आहे. "आगो जये, बाई मूळ असती तं आमी सगले आडनाव काय लावलं असतं?" तो हसला आणि आनंदही हसला.

जयाने पिशवीतून निळी फाइल काढली आणि वर्गात धडा सांगावा तशा सावकाश आवाजात सांगू लागली. आवाज चढला तर आपल्याला पुढे बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होते. काळ्या पाण्याला गेला तो मोरू नव्हे. गेली ती जनी, त्याची आई. मिठागरावर टोपल्या वाहणारी, एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. नवरा जाऊन दोन वर्षे झाल्यावर तिला मूल झाले आणि तिसऱ्या दिवशी ते खाडीत सापडले. खटला झाला, जन्मठेप झाली, ठाण्याच्या तुरुंगातून तिला बोटीवर चढवले, ते साल १८६९. अंदमानातच एका कैद्याशी तिचे लग्न लागले, मोरू तिथेच जन्मला, बाप तिथेच तापाने गेला. वीस वर्षांनी सुटून ती बारा वर्षांच्या पोराला घेऊन परतली तेव्हा गावात तिला कोणी पाण्याला शिवू देईना. म्हणून ती गावाबाहेर, खाडीच्या तोंडाशी राहिली. सरकारने खार उठवणाऱ्यांना जमीन द्यायचे ठरवले होते, पण भरतीला भिऊन कोणी पुढे येत नव्हते. जनीने अर्ज केला. बांध तिने घातला. पट्टा तिच्या नावाने होता.



प्रितमने आधी कागद उलटसुलट करून पाहिले, मग दार लोटून घेतले. हे बाहेर गेले तर विरोधक आपल्याला कापून खातील, असे त्याचे म्हणणे पडले. पोर मारणारीची कमान कोण बांधतो? शिवाय इतक्या जुन्या गोष्टीचा आज कोणाला काय उपयोग? आत्याने फक्त 'कागद सापडले नाहीत' एवढे लिहावे, पुढचे तो बघेल.

"खटल्याच्या कागदात एक ओळ आहे," जया म्हणाली. "त्या मुलाचा बाप कोण, ते तिनं कोर्टात सांगितलं. पुढं लिहिलंय, नावाचा खटल्याशी संबंध नसल्यामुळे ते नोंदवलेले नाही." तिने कागद परत फाइलमध्ये घातले. "त्याचं नाव तेव्हा वगळलं. तिचं तुम्ही आता वगळा. एकतीस वर्षं मी वगळलं, तेही नकळत."

गोविंदा माणूस वाईट नव्हता. बहिणीच्या नवऱ्याच्या आजारपणात तो चाळीस दिवस दवाखान्याच्या बाकावर झोपला होता. आताही तो ओरडला नाही. जवळ येऊन बसला आणि तोड काढावी तसे बोलला. कमानीवर मोरूचे नाव राहील, पण आत, देवळाच्या बाजूला, जनीच्या नावाचा दगड बसवू. संगमरवरी बसवू. मूलबिलाचे काही लिहायचे नाही, फक्त नाव. "झालं ना तुज्या मनासारखं? आता सही कर. तीनची वेल हाय."

जयाने त्याच्याकडे पाहिले. आठ दिवसांपूर्वी कोणी हेच देऊ केले असते तर तिने डोळ्यांत पाणी आणून घेतले असते. तिला हवे होते ते नावच तर होते. पण दगडावर नाव द्यायचे आणि त्याच हाताने, तिने उपसलेल्या जमिनीवरून तिच्या वंशातल्या लेकींचे नाव काढून घ्यायचे, हा सौदा आपल्याला इतक्या प्रेमाने सांगितला जातो आहे, याचा तिला एकदम संताप आला.

"नाही करणार," ती म्हणाली.

मग मात्र गोविंदाचा तोल गेला. बहिणीला माहेर हवे की जमीन हवी, ते तिने आजच सांगावे, असे तो म्हणाला. आणि जे बोलू नये ते बोलला. "सरणावर जाशील तवा लुगडं माहेरचं लागतं, जये. आमी नाय आननार."

वहिनीच्या हातातले ताट वाजले. बांधवलीत याहून मोठी शिवी नव्हती.

"जनीला कोणी आणलं होतं?" जयाने विचारले. तिने पेन उघडले, वंशावळीच्या माथ्यावर मोरूच्या नावाच्या वर ठळक अक्षरांत 'जनी' लिहिले आणि खाली एक उभी रेघ ओढली. आनंद दचकून पुढे झाला, पण मुद्रांकाचा कागद वाया गेलेला होता. आता नवा कागद, नवी वेळ, आणि तीही पंधरवडा उलटल्यावर, असे तो पुटपुटला. गोविंदाने बहिणीच्या मांडीवरून साडीचे खोके उचलले आणि कपाटात ठेवले.

वहिनी अजून दारातच उभी होती. पस्तीस वर्षे ती या घरात होती आणि कागदांच्या वेळी कधी बोलली नव्हती.

"सर्वपित्रीला बांधावर एक पान ठेवतो आपण," ती म्हणाली. "नुसता दूधभात. मीठ नाय, मासली नाय. सासूबायनी सांगितलं, खारीच्या देवाचं हाय, इचारायचं नाय. एवढंसं पान." तिने ताटावर बोटाने पानाचा आकार दाखवला. "देवाला कोन बिनमिठाचं वाढतं? म्हंजी मी इतकी वर्सं त्या लेकराला जेवू घालत व्हते."

 मग ती गोविंदाकडे वळून म्हणाली, "आनि तिचं पान? ते तं कवाच नाय वाढलं."

जया बाहेर पडली ती स्टेशनाकडे न जाता खाडीकडे चालू लागली. बांधावरचा, पान ठेवायचा तो सपाट दगड तिला पाठ होता. लहानपणी आजीमागून पान घेऊन तीच जात असे. दगड होता, पण त्याच्यावर लाल रंगाची फुली आणि एक आकडा होता. मोजणीवाल्यांनी कोपऱ्याची खूण म्हणून तोच दगड निवडला होता. तिने चपलेने रंग घासला. मग खाली बसून दगडाच्या कपचीने घासला. नखात लाल भुकटी गेली, फुली तशीच राहिली.

मागून करिश्मा आली. धावत आली असावी, तिला दम लागला होता.

"मी पण नाही केली," ती म्हणाली. "पप्पा बोलले, तू तरी शहाणी आहेस, नव्या कागदावर तू आधी कर. मी बोलले, पहिले वाचते. तर म्हणे, तुला पण आत्याची हवा लागली." तिने दगडाकडे पाहिले, आत्याच्या बोटांकडे पाहिले. "तिचा फोटो आहे का गं त्याच्यात?"

फोटो नव्हता. पण तुरुंगाच्या वहीत कैद्याचे वर्णन असे, पळून गेला तर ओळख पटावी म्हणून. जयाने फाइल उघडली. वाऱ्याने पाने उडू लागली तशी करिश्माने ती दोन्ही हातांनी धरली, आणि जयाने मोठ्याने वाचले. वर्गात वाचत असे त्याहून मोठ्याने, पलीकडे माहेरच्या बंगल्याच्या गच्चीवर उभ्या असलेल्या भावाला ऐकू जावे इतक्या मोठ्याने.

"जनी. वय एकवीस. उंची चार फूट दहा इंच. उजव्या हातावर तुळस गोंदलेली. दोन्ही पायांच्या टाचा मिठाने फुटलेल्या."